यंत्राशी आमचे भांडण काय?

मूर्तिजापूरकडील एका तरुण वाचकाचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. पत्र लहान आहे. त्यातील प्रश्न लहान नाही. त्याची आई पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते आणि मजुरी किलोच्या हिशेबाने घेते. परदेशांत कापूस वेचणारी यंत्रे आहेत, तशी आपल्याकडेही येणार, अशी चर्चा आता गावोगाव चालू झाली आहे. इंग्लंडातील मजुरांनी एके काळी हातोडे घेऊन कापडाची यंत्रे फोडली, असे या तरुणाने शाळेत असताना वाचले होते आणि ते मजूर अडाणी होते, असे त्याला तेव्हा सांगण्यात आले होते. तो विचारतो : "ते खरोखरच अडाणी होते काय? आणि उद्या यंत्र आमच्या शिवारात आले तर आम्ही त्याचे स्वागत करावे की त्याला विरोध करावा?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून दुसऱ्याचे देता येणार नाही. म्हणून वाचकांनी आमच्याबरोबर थोडे दूर यावे, अशी विनंती आहे.

इंग्लंडच्या नॉटिंगहॅम परगण्यात १८११ साली पायमोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडण्यास आरंभ केला. त्यांच्या पत्रकांवर 'लड' नावाच्या सेनापतीची सही असे. असा सेनापती कधी अस्तित्वात नव्हता. नाव मात्र इतके पसरले की यंत्र फोडणाऱ्यांस आजतागायत त्याच नावाने ओळखतात. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मोजे विणण्याचा माग हे त्यांना नवे यंत्र नव्हतेच. तो माग १५८९ सालापासूनचा. त्याच्यावर काम करून या कारागिरांच्या कित्येक पिढ्या जगल्या होत्या. मग तो त्यांनी का फोडला? तर सरसकट सर्व माग त्यांनी फोडलेच नाहीत. ज्या मालकांनी रुंद मागावर हलके कापड विणून, ते कातरून आणि शिवून खोटा माल बाजारात आणला, ज्यांनी शिकाऊपणाची मुदत न भरलेली पोरे स्वस्तात कामाला लावली, ज्यांनी ठरलेल्या दराहून मजुरी उतरवली, त्यांचे माग फुटले. रास्त दर देणाऱ्याचे माग पुष्कळदा त्याच रात्री, त्याच खोलीत शाबूत राहिले. याला अडाणीपणा म्हणावयाचे असेल तर तो मोठा हिशेबी अडाणीपणा होता.

यॉर्कशायरमध्ये लोकरीच्या कापडावरील लव कातरणारे कारागीर होते. त्यांची कला कातरयंत्राने हिरावून घेतली. तेथे एक गमतीची गोष्ट सांगतात. ज्या लोहाराच्या भट्टीत ही कातरयंत्रे घडत, त्याच भट्टीत ती फोडणारे घणही घडत, आणि कारागिरांनी त्या घणाला त्या लोहाराचेच नाव ठेवले होते. १८१२ च्या एप्रिलमध्ये रॉफोल्ड्स येथील गिरणीवर त्यांनी हल्ला केला. आतून गोळीबार झाला आणि हल्ला करणाऱ्यांपैकी दोघे मरण पावले. त्याच महिन्यात एका गिरणीमालकाचा खून झाला. तो खून आम्ही समर्थनीय मानीत नाही. परंतु येथवर प्रकरण का आले, हेही सांगितले पाहिजे. मजुरांनी संघटना करणे हा १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी गुन्हा ठरला होता. तरीही मोजे विणणाऱ्यांनी पार्लमेंटकडे अर्ज केला, दर आणि मालाचा कस ठरवून देणारा कायदा मागितला. तो मसुदा कनिष्ठ सभेत निम्माशिम्मा होऊन पुढे गेला आणि १८१२ च्या जुलैत उमरावांच्या सभेने फेटाळला. संघटना करण्याचे दार बंद, अर्जाचे दारही बंद. मग रात्रीच्या वेळी हातोडा घेऊन येणाऱ्याला 'तू दारातून का आला नाहीस' असे विचारण्याचा अधिकार कोणास उरतो?

सरकारने मात्र विचारले, आणि फाशीच्या दोराने विचारले. माग फोडणे हा देहान्ताचा गुन्हा ठरविणारा कायदा १८१२ साली झाला. कवी बायरन याने उमरावांच्या सभेतील आपले पहिलेच भाषण त्या कायद्याच्या विरोधात केले. उपयोग झाला नाही. बंडाच्या परगण्यांत सुमारे १२ हजार शिपाई उतरवण्यात आले. १८१३ च्या जानेवारीत यॉर्क येथे १७ जणांना फाशी देण्यात आली.

येथे आम्हांला दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्ताची आठवण होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते विहारात ऐकले असेल. राजाने प्रजेचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. दारिद्र्य वाढले, आणि दारिद्र्यातून चोरी उपजली. पहिला चोर राजापुढे उभा राहिला, तेव्हा 'माझी उपजीविका चालत नाही' एवढेच त्याने सांगितले. राजाने त्या एकट्याला धन देऊन वाटेला लावले. ते ऐकून चोऱ्या वाढल्या, तेव्हा राजा घाबरला आणि त्याने शिरच्छेद आरंभला. लोकांनी काय केले? त्यांनीही शस्त्रे घडवून घेतली. दारिद्र्य हे दंडाने हटत नाही, उलट दंडातून हिंसा वाढते, ही गोष्ट तथागतांनी सांगितली, त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी इंग्लंडच्या मंत्र्यांना ती उमगू नये, याचे नवल वाटते. आपल्याकडील मंत्र्यांविषयी आम्ही या लेखात काही म्हणत नाही.

आता इंग्लंडातून वऱ्हाडाकडे वळू. वाट कापसाच्या धाग्यानेच जाते. १८२६ च्या एप्रिलमध्ये लँकेशायरच्या पूर्वभागातील हातमागवाल्यांनी तीन-चार दिवसांत हजाराहून अधिक यंत्रमाग फोडले. परंतु फुटलेल्या मागांच्या जागी नवे आले, आणि त्या यंत्रमागांवरचे कापड पुढे आगबोटीने आणि आगगाडीने आपल्या दारी आले. लँकेशायरच्या विणकराला निदान यंत्र दिसत तरी होते. ते त्याच्या गावात, त्याच्या ओळखीच्या मालकाच्या घरात होते. आमच्या विणकराला आपला संहार करणारे यंत्र कधी दृष्टीसच पडले नाही. ते सात समुद्रांपलीकडे होते. त्याला दिसले ते फक्त आठवडी बाजारातील स्वस्त कापड. हातोडा उगारायचा तो कशावर? कापडाच्या ताग्यावर? आमच्याकडे यंत्र फोडणाऱ्यांचे बंड का झाले नाही, असे विचारणाऱ्या विद्वानांनी एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी.

निजामाने १८५३ साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर लागले. मुंबईहून निघालेली आगगाडी अकोल्यावरून १८६७ साली नागपुरास पोहोचली. खामगावची शाखा १८७० साली खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते उघडली गेली. एका कापसाच्या पेठेसाठी व्हाईसरॉयने यावे, यावरून त्या पेठेची किंमत कळते. त्या काळचा कापूस-आयुक्त रिव्हेट-कारनॅक याने आपल्या अहवालात हेतू लपविला नाही. रेल्वेने विलायती कापड आत येईल, देशी कापडाहून स्वस्त विकले जाईल, मग येथला कापूस येथे खपणार नाही, तो बाहेर जाईल, आणि सूत कातण्यात व कापड विणण्यात गुंतलेली माणसे शेतीच्या कामास मोकळी होतील, अशी आशा त्याने व्यक्त केली आहे. 'मोकळी होतील' हा शब्दप्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा. ज्याचा धंदा जातो त्याला राज्यकर्ते 'मोकळा झाला' असे म्हणतात.

ही मोकळी झालेली माणसे कोण? कोष्टी होते, साळी होते, मोमीन होते. आणि आपलेही लोक होते. जाडेभरडे कापड विणणे हे पूर्वाश्रमीच्या महारांचे, विशेषतः नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूस, एक प्रमुख कामच होते. गावोगावच्या बाया सरकी हातचरकीवर काढीत आणि सूत घरी कातीत. हातचरकीचे काम वाफेच्या जिनांनी नेले. सूत गिरणीच्या सुताने नेले. कापड विलायतेने नेले. मागाच्या खड्ड्यातून उठलेला माणूस दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाऊ लागला. याचे फळ १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दिसले. घरात कापूस पिकविणाऱ्या मुलखात मजुराच्या हाती ना धान्य, ना ते विकत घेण्यास पैसा. त्या साली जे मेले त्यांत शेतमजूर आणि विणकर यांचा भरणा मोठा होता.

एवढ्यावरून कोणी असे समजेल की, आम्हीही आता चरख्याची आरती ओवाळणार. तसे नाही. जुना माग हा काही स्वातंत्र्याचा माग नव्हता. ज्याचे विणलेले कापड लोक विकत घेत, पण ज्याच्या हाताचे पाणी घेत नसत, त्याच्या धंद्याच्या मागे हळहळण्यात एक ढोंग आहे. गाव चांगले होते, यंत्राने ते बिघडविले, ही गोष्ट गावकुसाच्या आत राहणाऱ्यांनी सांगावी. आम्ही गावकुसाबाहेरून गाव पाहिले आहे.

म्हणूनच, १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिच्या फाटकातून आपले शेकडो लोक आत गेले, तेव्हा ते रडत गेले नाहीत. गिरणीत महिन्याला रोख पगार होता. गावचा बलुतेदार म्हणून कोणाच्या दारात शिळ्या भाकरीसाठी उभे राहावे लागत नव्हते. त्याच गिरणीत त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून संप झाला, अशी नोंद मजूर-चळवळीच्या इतिहासात आहे. दर कमी वाटला तर यंत्र न फोडता यंत्रापासून हात काढून घ्यावा, हे तंत्र आपल्या मुलखातील कामगारांना कोणी विलायतेहून येऊन शिकविले नव्हते.

परंतु गिरणीच्या आतही एक गावकूस होते, आणि ते यंत्राने घातलेले नव्हते.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस कताईखात्यात काम मिळे, विणाईखात्यात मिळत नसे. कारण ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. धोट्यातील कांडीचे सूत संपले की नवी कांडी घालावी लागे, आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाचे ओठ लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठांस लागणार! तेवढ्यावरून स्पृश्य विणकरांचा धर्म बुडत होता. विणाईखात्याचा पगार अधिक होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण बुडणाऱ्या धर्माच्या आड पुष्कळदा जादा पगारच लपलेला असतो.

१९२८ साली मुंबईच्या काही गिरण्यांनी नवी पद्धत आणली. विणकराने दोन मागांऐवजी तीन सांभाळावे, कताईवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्या. म्हणजे तेवढ्याच यंत्रांवर माणसे कमी. हे काम वाढविणे आणि माणसे घटविणे कामगारांनी मानले नाही. एप्रिल ते ऑक्टोबर असा संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील विणकरांनी जे हातोड्याने करून पाहिले, तेच येथे हातोड्यावाचून झाले, असे म्हणता येईल. यंत्राच्या नावाखाली भाकर हिरावली जाण्यास मजुरांनी दिलेला तो नकार होता. त्या नकाराविषयी आमच्या मनात आदर आहे.

आणि तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या संपाच्या पुढाऱ्यांना जो प्रश्न विचारला, तो आजही तेवढाच ताजा आहे. दोनाचे तीन माग झाल्याने तुमची भाकर जाते म्हणून तुम्ही लढता; पण ज्यांना एकाही मागाजवळ तुम्ही उभे राहू देत नाही, त्यांचे काय? आमच्या लोकांस विणाईखाते खुले करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, असे त्यांनी सांगितले. पुढाऱ्यांनी ती कशीबशी घातली. फॉसेट समितीपुढे ती निघाली तेव्हा मालकांनी उपहासाने उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्यास आम्ही जबाबदार नाही. उत्तर बोचरे होते, पण खोटे नव्हते. विणाईखात्याचे दार मालकांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, मजुरांनी आपल्या मजूरभावांच्या तोंडावर लावून घेतले होते. १९२९ साली पुन्हा संप पुकारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास विरोध केला. त्याबद्दल त्यांना कामगारांचे शत्रू म्हणणारे तेव्हाही होते, पुढेही झाले. विणाईखात्याच्या दाराविषयी त्या टीकाकारांपैकी किती जण बोलले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वे कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवातून. जातीचे नाव न घेता भांडवलशाहीशी लढू म्हणणाऱ्याने विणाईखात्याचे ते दार आठवावे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ७ तारखेला औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध, संपाचा हक्क वाचविण्यासाठी, ते कम्युनिस्टांच्या जोडीने संपात उतरलेही. तेव्हा संपाशी त्यांचे वैर नव्हते, हेही उघड आहे.

यंत्राविषयी त्यांचे मत १९४५ च्या ग्रंथात स्पष्ट आहे. काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणाऱ्या त्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. यंत्रामुळे जी हानी होते असे म्हणतात, ती यंत्राची नाही. खाजगी मालमत्तेला आणि खाजगी लाभाला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेची आहे. माणसाला पशूच्या जगण्यातून वर यावयाचे तर फुरसत हवी, आणि राबणाऱ्याला फुरसत यंत्रावाचून मिळणार नाही. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या पोटी जन्मलेल्यांना हा विचार समजावून सांगावा लागत नाही. मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यांतील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती पुढे आणली आणि ती १९४६ साली कायद्यात आली. यंत्राने वाचविलेल्या वेळातून मजुराचा हिस्सा कायद्याने काढून घ्यावयाचा, तो असा.

आता अकोल्याकडे पाहा. सावतराम मिल आणि मोहता मिल यांच्या भोंग्यांवर या शहराची घड्याळे चालत, असे जुनी माणसे सांगतात. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने दोन्ही गिरण्या सरकारच्या ताब्यात गेल्या, आणि पुढे दोन्ही बंद पडल्या. नागपूरची एम्प्रेस मिलही २००२ साली बंद झाली. या गिरण्यांतील यंत्रे मजुरांनी फोडली नाहीत. ती नवी करण्याचे मालकांनी टाळले, सरकारनेही टाळले, आणि शेवटी ती भंगारात गेली. माणसाचे काम यंत्राने जाते हे जितके खरे, तितकेच जुने यंत्र वेळेवर न बदलल्यानेही जाते. आपल्यातील कित्येक कुटुंबांत आजोबा गिरणीत होते आणि नातू रोजंदारीवर आहे. भांडण केवळ यंत्राशी असते, तर या गिरण्या बंद पडल्यावर आपण सुखी व्हावयास हवे होतो!

कापूस वेचण्याच्या यंत्राचाही इतिहास आहे. १९४४ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल गावाजवळच्या मळ्यावर ते लोकांना चालवून दाखविले गेले. एक यंत्र सुमारे पन्नास वेचणाऱ्यांचे काम करी. ज्या निग्रो बांधवांच्या पूर्वजांना गुलाम करून त्या मळ्यांत आणले होते, त्यांची गरज पुढील वीस-पंचवीस वर्षांत संपली. लाखो माणसे शिकागो, डेट्रॉइट अशा शहरांच्या गलिच्छ वस्त्यांत गेली. त्यांच्यासाठी ना जमीन राखली गेली, ना शिक्षण, ना भरपाई. ते वाईट काम होते, हाताला बोचणारे आणि पाठ मोडणारे. ते संपले याचे कोणास दुःख नको. दुःख याचे की, काम संपले आणि त्याबरोबर माणसाचा हिशेबही संपविण्यात आला.

आपल्या तरुण वाचकाच्या दुसऱ्या प्रश्नास आमचे उत्तर आता स्पष्टच आहे. तुझ्या आईच्या बोटांस कापसाच्या बोंडाचे काटे लागू नयेत, असे आम्हांसही वाटते. यंत्राच्या आड जाऊ नकोस. परंतु यंत्र येण्याआधी तीन गोष्टी गावच्या सभेत मागून घे, आणि त्या तोंडी नकोत, लेखी हव्यात. सरकारी अनुदानाने जे यंत्र येईल ते एकट्या मोठ्या बागाइतदाराच्या नावे न येता वेचणी करणाऱ्या बायांच्या सहकारी संस्थेच्या नावेही यावे. ते चालविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आपल्या मुलांना, आणि मुलींनाही, मिळावे. नाहीतर विणाईखात्याचे जुने दार ट्रॅक्टरच्या खोलीला पुन्हा बसेल. आणि ज्या हंगामात वेचणीचे काम उतरेल, त्या हंगामात रोजगार हमीचे काम त्याच बायांना गावातच निघावे. संपाची वेळ आली तर तीही चुकवू नये. पण संपाला बसण्यापूर्वी शेजारच्या वस्तीतील कोणास आपण दाराबाहेर ठेवले नाही ना, हे पाहून घ्यावे. आपल्यात नसलेल्या मजुरांविषयी आपलेही मन नेहमी स्वच्छ असते, असे आम्ही म्हणणार नाही.

हा प्रश्न एका तरुणाचा नाही, म्हणून वाचकांस विनंती आहे. आपल्या घरातील किती भगिनी यंदा वेचणीस गेल्या, किलोमागे काय दर मिळाला, वजन कोणाच्या काट्यावर झाले, आणि आपल्या कोणा मुलाने वा मुलीने यंत्राचे शिक्षण मागितले असता काय उत्तर मिळाले, हे आम्हांस पोस्टकार्डाने कळवावे. पत्रलेखकाचे नाव छापले जाणार नाही. आलेली माहिती गावनिहाय मांडून पुढील अंकी देऊ, आणि तिची एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत पोहोचती करू.